लेखनवर्गातील यशाचे मर्म
फिस्क विद्यापीठाची पदवी संपादन करून 1888 मध्ये पुढे विचारवंत म्हणून नावाजलेले कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हार्वर्डमध्ये दाखल झाले, तेव्हा आपल्या लेखणीविषयी त्यांना यत्किंचितही शंका नव्हती. आणि तरीही एका सिनेटरने कृष्णवर्णीयांवर केलेल्या हल्ल्याने संतप्त होऊन त्यांनी इंग्रजी लेखनाच्या वर्गात सादर केलेला निबंध अनुत्तीर्णतेचा शेरा घेऊन परत आला. आयुष्यातील या पहिल्या शैक्षणिक अपयशाने ते हादरले खरे, परंतु आशय श्रेष्ठ असला तरी विस्कळित वाक्यरचनेमुळे त्याची पोच खुंटते, हे त्यांनी ओळखले आणि पुढे बॅरेट वेंडेल यांचा अधिक कठीण लेखनवर्ग स्वेच्छेने पत्करला. मला जगाला काही सांगावयाचे आहे आणि ते नीट सांगता यावे म्हणूनच मी येथे आलो आहे, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य वेंडेल यांनी भर वर्गात वाचून दाखविले.

हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाचा समावेश 1874 मध्ये केला आणि 1885 पासून पहिल्याच वर्षी लेखनाचा वर्ग ठेवला. हा परिपाठ पुढे अमेरिकेत इतका रुजला, की आज पुण्या-नागपुराहून पदवीसाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही बहुधा त्यातून जावेच लागते. आरंभी एखादे सुभाषित, मध्ये फायदे आणि तोटे यांचा जमाखर्च आणि अखेरीस कोणालाही न दुखविणारा समारोप, ही शाळेत अंगवळणी पडलेली मांडणी तेथे कामास येत नाही. कारण समंजस वाचकालाही नाकारता येईल असे एक प्रतिपादन करावे आणि पुराव्याच्या बळावर ते त्याच्या गळी उतरवावे, एवढीच त्या वर्गाची मुख्य मागणी असते.

असे प्रतिपादन कसे असते, याचा माझ्या मते सर्वोत्तम दाखला आपल्याच घरचा आहे. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात 9 मे 1916 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा जो प्रबंध वाचला, त्यात ते प्रथम सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या क्रमाने पुढे ठेवतात व त्यांची चिकित्सा करतात. जन्मसिद्ध सभासदत्व आणि जातीबाहेरील विवाहास बंदी ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, कारण बाहेर विवाहच होत नसेल तर जातीत जन्मल्यावाचून प्रवेश कसला, हे ते दाखवून देतात; आणि मगच जातीचे सार अंतर्विवाहात आहे, हा स्वतःचा सिद्धांत मांडतात. पूर्वसूरींचे ऋण नाव घेऊन मान्य करणे आणि त्यांच्याशी जेथे मतभेद आहे ते नेमके स्थळ दाखविणे, हे दोन्ही ज्याला साधले त्याला संदर्भ देण्याचे नियम जाचक वाटत नाहीत. उलट दुसऱ्याचा मजकूर नामनिर्देशावाचून उतरविणाऱ्यावर थेट शिस्तभंगाची कारवाई ओढवते.

तथापि खरी कसोटी लागते ती पुनर्लेखनात. अध्यापकाच्या शेऱ्यांनिशी मसुदा हाती आला, की पुष्कळ विद्यार्थी शुद्धलेखन तेवढे दुरुस्त करतात आणि ‘हे कशावरून?’ या समासातील प्रश्नाला वळसा घालून मुदतीच्या आत काम सादर करतात. वास्तविक त्या एका प्रश्नासाठी अध्यापकाच्या भेटीच्या नेमलेल्या वेळी जाऊन बसणे, हे दहा वाक्ये सजविण्याहून अधिक हिताचे असते, आणि भिडेखातर ते टाळणारे आपले विद्यार्थी पाहून मला मनापासून हळहळ वाटते. मसुदा पुरा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचे म्हणणे चार शब्दांत लिहून काढावे. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो परिच्छेद निःशंकपणे गाळावा. आणि आपले खरे प्रतिपादन लिहिता लिहिता शेवटच्या पानावर उमगले आहे असे आढळले, जे वारंवार आढळते, तर ते उचलून आरंभी आणावे व तेथून सारा निबंध नव्याने लिहावयास घ्यावा.