टोन बदलला की कान बदलला?

रात्री उशिरा इंटरनेटवरून मॉडेलरचे नवे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि पहिलीच तार छेडताच वाटावे, ‘हा आपला आवाज नव्हे!’ डिजिटल मॉडेलर वापरणाऱ्या अनेक गिटारवादकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. कुणाला आवाज मोकळा झाल्यासारखा वाटतो, तर कुणाला तो पातळ, कोरडा झाल्याचे जाणवते. महिनोन्‌महिने खपून जमवलेला टोन ही वादकाची ओळख असते. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. खरोखरच काही बदलले आहे की हा कानांचा भास आहे, हे ठरवायचे कसे?

यंत्र काय करते?

संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला नादाचे तीन गुणधर्म शिकवले जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. गिटारवादक ज्याला टोन म्हणतो, तो प्रामुख्याने नादाच्या जातीचा भाग होय. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप तारेच्या कंपनाचे क्षीण विद्युतसंदेशात रूपांतर करतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तो संदेश मोठा करतोच, शिवाय क्षमतेपलीकडे नेला असता त्याचे माथे दाबून नवे उपस्वरही निर्माण करतो. फेंडर, व्हॉक्स, मार्शल यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची निरनिराळी ओळख बऱ्याच अंशी अशा फरकांतूनच घडली.

मॉडेलर हेच वर्तन गणिताने उभे करतो. ‘रोलँड’ने १९९५ मध्ये ‘व्हीजी-८’ आणि ‘लाइन ६’ने १९९८ मध्ये ‘पॉड’ बाजारात आणले. पुढे २००६ मध्ये ‘फ्रॅक्टल ऑडिओ’चे ‘अ‍ॅक्स-एफएक्स’, तर २०११ मध्ये ‘केम्पर’ आले. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतल्यावर वर्षानुवर्षे साधारण तसाच राहतो. मॉडेलरचा आवाज मात्र सॉफ्टवेअरवर अवलंबून असल्याने तो घरबसल्या बदलू शकतो.

बुलढाणा तालुक्यातील पैनगंगेकाठच्या देऊळघाटसारख्या गावात अशा यंत्राचे मोल शहरापेक्षा अधिक ठरते. जड अ‍ॅम्प्लिफायर बाळगायचा, त्याचे व्हॉल्व्ह मागवायचे आणि रंगात येण्यासाठी तो मोठ्या आवाजात वाजवायचा, हे गावात सोपे नाही. हेडफोन लावून मध्यरात्रीही सराव करता येतो, ही मॉडेलरची मोठी सोय आहे. पण अशा ठिकाणी शंका आली तर ताडून पाहण्यासाठी स्टुडिओ किंवा तेच यंत्र वापरणारा दुसरा वादक जवळ मिळेलच असे नाही. सारी भिस्त स्वतःच्या कानांवर राहते.

बदल कधी खरा असतो?

सॉफ्टवेअर बदलल्यावर आवाज बदलण्याची कारणे खरी असू शकतात. व्हॉल्व्हच्या गणितात सुधारणा होते, एखाद्या खुंटीची चाल बदलते, स्पीकरच्या पेटीचे अनुकरण नव्याने केले जाते किंवा काही सेटिंग मूळ पदावर जातात. यातील एक प्रकार चमत्कारिक आहे. जुन्या गणितात त्रुटी असेल तर वादकाने नकळत खुंट्या फिरवून ती भरून काढलेली असते. त्रुटी दूर झाली की भरपाई तेवढी शिल्लक राहते. परिणामी सुधारलेले यंत्र जुन्या सेटिंगवर आधीपेक्षा वाईट वाजते. येथे यंत्र चुकलेले नसते आणि कानही चुकलेला नसतो; सेटिंग नव्याने बसवण्याची गरज असते.

कान कोठे फसतो?

पहिली फसगत आवाजाच्या पातळीची. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, कानाची संवेदनशीलता सर्व कंप्रतांना सारखी नसते आणि ती आवाजाच्या पातळीनुसार बदलते. हळू आवाजात खर्ज विशेष कमी ऐकू येतो; आवाज वाढवला की तोच नाद भरदार वाटतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी एखाद्या डेसिबलने जरी वाढली, तरी वादकाला ती ‘मोठा आवाज’ म्हणून न जाणवता ‘चांगला टोन’ म्हणून जाणवू शकते.

दुसरी मर्यादा स्मरणाची. नादाच्या जातीचे बारकावे मनात काही सेकंदच ताजे राहतात. कालचा टोन आज आठवताना वादक प्रत्यक्ष ध्वनीऐवजी त्याविषयीचे आपले मत आठवत असतो. तिसरी गोष्ट अपेक्षेची. ‘आवाजात सुधारणा’ असे वाचून ऐकणाऱ्याला सुधारणा सापडते, तर बदलाची धास्ती घेतलेल्याला बिघाड.

अपेक्षेचा हा पगडा कसलेल्या वादकांवरही असतो. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना गडद चष्मे लावून सहा वाद्ये वाजवायला दिली. त्यांपैकी तीन नवी होती, दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वारनेरीचे. सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. आवडलेले वाद्य जुने की नवे, हेही बहुतेकांना ओळखता आले नाही.

मिरजेचा धडा

नादाची जात पारखण्याची शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर तानपुऱ्याची जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, लगेच तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. आधीचा नाद कानात ताजा असतानाच तुलना होते, म्हणून सूक्ष्म फरकही त्याच्या हाती लागतो. मॉडेलरचे सॉफ्टवेअर घालून यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत मात्र जुना नाद कानातून विरून गेलेला असतो.

यावर उपाय आहे. सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी गिटारचा मूळ कोरडा संदेश ध्वनिमुद्रित करावा, तो मॉडेलरमधून पाठवून निघालेला आवाजही जपून ठेवावा. बदलानंतर तोच संदेश पुन्हा पाठवावा आणि दोन्ही मुद्रणांची पातळी काटेकोरपणे सारखी करावी. मग घरातील कुणाला तरी दहा वेळा, मनाला येईल त्या क्रमाने, जुने वा नवे मुद्रण लावण्यास सांगून ओळखून पाहावे. पाच वेळा बरोबर येणे हा निव्वळ अंदाज ठरतो. नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याची शक्यता केवळ अंदाजाने सुमारे एक टक्का असते. तेव्हा फरक खरा मानायला हरकत नाही.

मात्र, ही परीक्षा कानाची आहे, बोटांची नव्हे. तार दाबल्यावर यंत्र किती चटकन आणि कसे दाद देते, हे वादकाला वाजवतानाच कळते. ते मुद्रणात उतरत नाही. म्हणून नवे सॉफ्टवेअर दोन-चार दिवस वाजवून पाहणेही आवश्यक आहे. कार्यक्रमाच्या तोंडावर ते घालू नये आणि जुन्या सेटिंगची प्रत संगणकावर ठेवावी, हे पथ्य पाळलेले बरे.

एवढे करून फरक सापडला तर खुंट्या नव्याने लावाव्यात. न सापडला तर मनातली शंका बाजूला ठेवून सरावाला बसावे. दोन्ही वेळा वादकाचा कान अधिक सजग झालेला असतो आणि टोन अखेर त्याच्याच हाती राहतो.