गाड्या कमी, म्हणून धोका कमी?



पावसाळा सुरू झाला की वर्गात सहलींच्या गप्पा रंगतात. कुणी दूधसागरला जाऊन आलेलं असतं, कुणाच्या दादाचा रुळांवर बसून काढलेला फोटो मोबाईलवर फिरत असतो. रुळांवरून चालू नये असं म्हटलं की हमखास उत्तर येतं, "सर, तिथे काय मुंबईच्या लोकलसारख्या गाड्या असतात? दिवसभरात मोजक्याच जातात!"

हे वाक्य खोटं नाही. घाटातल्या किंवा जंगलातल्या मार्गांवर गाड्या खरंच कमी असतात. प्रश्न आहे तो या वाक्यातून आपण काय अर्थ काढतो याचा. गाड्या कमी म्हणजे धोकाही त्याच प्रमाणात कमी, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. आज हाच हिशोब नीट तपासून पाहू.

आधी एक आकडा. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने 2012 मध्ये अहवाल दिला. देशात रूळ ओलांडताना किंवा रुळांवर बेकायदा वावरताना वर्षाला जवळपास 15,000 माणसं मरतात आणि त्यातली सुमारे 6,000 एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असं त्यात नोंदवलं होतं. म्हणजे सर्वाधिक मृत्यू गर्दीच्या मार्गांवर होतात, हे मान्यच करायला हवं. पण तिथे रोज लाखो लोकांचा वावर असतो. शांत मार्गावर माणसंच थोडी, म्हणून मृत्यूंची बेरीजही छोटी. एकट्या चालणाऱ्या माणसासमोर गाडी आली तर त्याचं काय होईल, हे त्या बेरजेतून कळत नाही.

"आता गाडी येणार नाही"

8 मे 2020. टाळेबंदीचे दिवस. प्रवासी गाड्या बंद होत्या. जालन्यात काम करणारे मध्य प्रदेशातले काही मजूर गावी परतण्यासाठी रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले. रात्रभर चालून थकले आणि औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) करमाडच्या परिसरात रुळांवरच झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकामी मालगाडी आली. चालकाने हॉर्न दिला, ब्रेक लावले, पण गाडी वेळेत थांबली नाही. 16 जण गेले.

ते मौजमजेसाठी रुळांवर गेले नव्हते, नाइलाजाने गेले होते. त्यांची आणि फोटोसाठी रुळांवर बसणाऱ्यांची तुलना करणं बरं नव्हे. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती म्हणजे "गाड्या बंद आहेत" किंवा "इतक्यात गाडी नाही" हा समज. आपल्याला माहीत असतं ते प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक. मालगाड्या त्यात नसतात. नुसतं इंजिन एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातं, ते नसतं. रूळ दुरुस्त करणारी यंत्रं, तपासणीच्या ट्रॉल्या, उशिरा धावणाऱ्या गाड्या, यांतलं काहीच तुमच्या ॲपवर दिसेल असं नाही. शिवाय एकेरी मार्गावर गाडी दोन्ही दिशांनी येऊ शकते. "आत्ताच एक गेली, आता तासभर निवांत" हा अंदाज तिथे अजिबात कामाचा नाही.

कान, डोळे आणि मन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाला एक अडचण जाणवली. रडारच्या पडद्याकडे बघत बसलेल्या सैनिकांकडून अधूनमधून दिसणारी खूण निसटायची. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचा आणि क्वचित एखाद्या वेळी दुप्पट उडी मारायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका स्पष्टपणे वाढल्या. माणसं आळशी नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची सतत वाट पाहणं मेंदूला जमतच नाही.

आता हेच रुळांना लावून बघा. लोकलच्या रुळांजवळ उभा असलेला माणूस दर दोन मिनिटांनी मान वळवतो, कारण गाड्या येतच असतात. जंगलातल्या रुळांवर पहिली दहा मिनिटं आपण मागे वळून बघतो. मग गप्पा सुरू होतात, फोटो सुरू होतात आणि तासाभराने तो रूळ आपल्याला पायवाट वाटू लागतो. गाड्या कमी असणं हेच बेसावध होण्याचं कारण ठरतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, बाकीचं सगळं त्यानंतर.

"पण आवाज येतोच ना?" येतो, पण किती आधी? जुन्या रुळांना ठरावीक अंतरावर सांधे असायचे, त्यावरून चाकं गेली की खडक-खडक आवाज व्हायचा. आता लांबच लांब रूळ वेल्डिंग करून जोडलेले असतात, त्यामुळे तो आवाज बराच कमी झालाय. चाकांचा आवाज गाडीच्या बाजूंना जास्त पसरतो, समोर उभ्या असलेल्या माणसाकडे तितका येत नाही. त्यात धबधबा कोसळतोय, पाऊस पडतोय, वळणाआड डोंगर आहे. बोगद्यात तर आवाज घुमतो आणि गाडी पुढून येतेय की मागून, हेच कळत नाही. कानात इअरफोन असतील तर विषयच संपला. फाटकाच्या आधी रुळालगत 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेल. 'सीटी द्या, पुढे फाटक आहे' असा तिचा अर्थ. चालक तिथे हॉर्न देतो. पण जिथे फाटकच नाही अशा जंगलातल्या टप्प्यावर तो सतत हॉर्न वाजवत येईल असं गृहीत धरू नका.

डोळेही फसवतात. विमानतळाजवळ मोठं विमान उतरताना बघितलंय? ते जणू हळूहळू तरंगत येतं. छोटं विमान मात्र सुसाट आल्यासारखं वाटतं, वेग जवळपास सारखा असला तरी. वस्तू मोठी असली की तिचा वेग आपल्याला कमी वाटतो. हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांमागचं हे एक कारण म्हणून मांडलं. त्यातून गाडी सरळ आपल्या दिशेने येत असेल तर ती आडवी सरकताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठी होत जाते. दूर असताना हा बदल नगण्य असतो. तो एकदम जाणवतो तेव्हा गाडी जवळ आलेली असते.

दूधसागरचं गणित

कर्नाटकातलं कॅसल रॉक आणि गोव्यातलं कुळे यांच्यामधला ब्रागांझा घाट हा सुमारे 26 किलोमीटरचा टप्पा. चढ 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर चढ किंवा उतार. रेल्वेच्या दृष्टीने हा फारच तीव्र. सुमारे 310 मीटर उंचीच्या दूधसागर धबधब्याच्या अंगावरूनच हा मार्ग जातो. 2013 च्या 'चेन्नई एक्सप्रेस' चित्रपटात तो दिसला आणि कुळ्याहून रुळांवरून चालत धबधबा गाठणाऱ्यांची गर्दी आणखी वाढली. वाटेत बोगदे आहेत, पूल आहेत, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे.

वही-पेन घ्या. स्लीपरमधलं अंतर साधारण 60 ते 65 सेंटिमीटर असतं, आपलं चालणं त्यात नीट बसत नाही. ओल्या स्लीपरवरून सांभाळून चालणाऱ्याचा वेग ताशी 3 किलोमीटर धरू. म्हणजे 100 मीटर लांबीचा पूल ओलांडायला 120 सेकंद. गाडी घाटात हळू चालतेय, ताशी 30 किलोमीटर असं समजू. ती सेकंदाला 8.3 मीटर जाते, म्हणजे 120 सेकंदांत बरोबर 1 किलोमीटर. तुम्ही पुलावर पाऊल ठेवता तेव्हा गाडी 1 किलोमीटर दूर, दोन वळणांपलीकडे असते. ना दिसते, ना ऐकू येते. तरीही तुम्ही पूल संपवता तेव्हाच ती तिथे पोहोचते.

समजा तुम्ही पुलाच्या मध्यावर आहात आणि वळणावरून 150 मीटरवर इंजिन दिसलं. हातात 18 सेकंद आहेत. चालत गेलात तर 15 मीटर जाल. दुप्पट-अडीचपट वेगाने धावलात, आणि पाय घसरला नाही, तर 30 ते 38 मीटर. पूल संपायला 50 मीटर हवेत. हे ताशी 30 च्या वेगाचं गणित झालं. सपाटीवरच्या मार्गांवर गाड्या याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जातात, ते गणित तुम्ही करून बघा.

"मग चालक ब्रेक लावेल की!" लावतोच. पण रबरी टायर डांबरी रस्त्याला जसा धरून ठेवतो तसं पोलादी चाक पोलादी रुळाला धरत नाही, आणि रूळ ओला असेल तर आणखीच कमी. कोरड्या रस्त्यावर ताशी 60 ने जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर वीसेक मीटरमध्ये थांबते. चार-पाच हजार टनांच्या भरलेल्या मालगाडीला त्याच वेगावरून थांबायला अर्धा किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागू शकतं. ब्रेकची क्रिया हवेच्या नळीतून इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायलाच काही सेकंद जातात. आणि उतारावर तर गाडीचं वजनच तिला खाली ढकलत असतं.

"मी रुळाच्या बाजूला उभा राहीन." ठीक. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर आणि डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे डबा प्रत्येक बाजूला रुळाच्या बाहेर साधारण पाऊण मीटर येतो. त्यात उघडं दार, पायऱ्या, दारात उभा माणूस धरा. पुलावर आणि बोगद्यात एवढी मोकळी जागा मिळेलच असं नाही. मोठ्या पुलांवर आणि बोगद्यांत ठरावीक अंतरावर कर्मचाऱ्यांसाठी आसऱ्याच्या जागा केलेल्या असतात, पण त्या कुठे आहेत हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नाही. रेल्वेचे ट्रॅकमन रोज रुळांवरूनच चालतात हे खरं. मात्र एखाद्या ठिकाणी काम सुरू असेल तर शिट्टी आणि झेंडी घेऊन फक्त गाडीवर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस नेमलेला असतो. ज्यांचं आयुष्य रुळांवर गेलं, तेसुद्धा "आवाज येईलच" यावर विसंबत नाहीत.

जुलै 2023 मध्ये रेल्वे पोलिसांनी दूधसागरला निघालेल्या पर्यटकांना अडवलं आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या. ते व्हिडिओ सगळीकडे फिरले, लोक हसले. मला विचाराल तर त्या उठाबशांपेक्षा वरचं पुलाचं गणित एकदा फलकावर लिहिलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. कायद्याचं म्हणाल तर रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 147 नुसार परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग माथेरानचं काय?

हा प्रश्न येणारच. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली नेरळ-माथेरान गाडी 1907 पासून धावते. रुळांमधलं अंतर फक्त 2 फूट. अमन लॉजपासून माथेरानपर्यंत कितीतरी पर्यटक रुळालगतच चालत जातात. इथला फरक गाड्यांच्या संख्येत नाही, वेगात आणि वजनात आहे. ताशी 20 किलोमीटरच्या आतच चालणारी छोटी गाडी चालकाला चटकन थांबवता येते. तरीही मे 2016 मध्ये डबे घसरले आणि सेवा बंद ठेवावी लागली. दरीच्या बाजूने रुळाला चिकटून चालताना हे लक्षात असू द्या. चालायचं असेल तर माथेरानला लाल मातीचे रस्ते भरपूर आहेत, आणि मोटारी नसल्यामुळे ते चालायला फार छान आहेत.

व्हिएतनाममध्ये हनोई शहरात घरांना खेटून जाणारा एक रूळ आहे. गाड्या थोड्या, म्हणून तिथे रुळालगत कॅफे सुरू झाले आणि जगभरचे पर्यटक खुर्च्या टाकून बसू लागले. अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये प्रशासनाला कॅफे बंद करण्याचे आदेश द्यावे लागले. स्थानिकांना गाडीची सवय होती, पाहुण्यांना नव्हती.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. वापरात नसलेल्या रेल्वेमार्गांची जागा चालण्या-सायकलसाठी राखता यावी म्हणून तिथे 1983 मध्ये कायद्यात तरतूद झाली. न्यूयॉर्कमधल्या 'हाय लाईन' या उंच पुलावरच्या मार्गावर शेवटची गाडी 1980 मध्ये गेली आणि 2009 पासून तिथे बाग आहे. आधी गाडी पूर्ण बंद झाली, मग माणसं आली. जिथे गाडी सुरूच आहे तिथे पायवाट कुंपणाने वेगळी करतात. आपल्याकडेही बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गांचा असा विचार व्हायला हरकत नाही, पण तो निर्णय रेल्वेने घ्यायचा. "हा रूळ बंदच दिसतोय, गवत उगवलंय" असं बघून आपण ठरवायचा नाही. गवत असलेल्या रुळावरूनही गाडी जाते.

दूधसागर बघायचाच असेल तर पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून तो जितका जवळून दिसतो तितका इतर कुठूनही दिसत नाही. पाऊस ओसरल्यावर कुळ्याहून अभयारण्यातून जीप जातात. रूळ ओलांडावाच लागला तर पादचारी पूल किंवा फाटक वापरा. एक गाडी गेल्यावर लगेच पाऊल टाकू नका, दुसऱ्या रुळावरची गाडी तिच्या आड लपलेली असू शकते. रुळांवर दरड, झाड किंवा गुरं दिसली तर जवळच्या फाटकवाल्याला किंवा स्टेशन मास्तरांना सांगा, नाहीतर 139 वर फोन करा. सांगताना जवळच्या खांबावर किंवा दगडावर लिहिलेला किलोमीटरचा आकडा कळवा, म्हणजे जागा चटकन सापडते.