चाक मोठं, गाडी तीच

मागच्या व्याख्यानात आपण अंश आणि अंशी यांच्या नात्याबद्दल बोललो. सगळे अवयव एकत्र आले की वस्तू होते, की वस्तू त्याहून काही वेगळी असते, हा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही तुम्हाला एका पिकअपच्या टायरची गोष्ट सांगणार आहोत. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने टायरवर बोलावं याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

आम्ही निवृत्तीनंतर डिंभ्याला राहतो. घोड नदीवरचं धरण, त्याचा हुतात्मा बाबू गेनू सागर, आणि पलीकडे तळेघर, आहुपे, भीमाशंकरकडे चढत जाणारा डोंगर. धरणाच्या वरच्या अंगाला पाऊस कसा पडतो हे ज्याने पाहिलंय, त्याला तिथल्या वाड्यांच्या कच्च्या रस्त्यांबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्या शेजारचा एक तरुण पिकअप चालवतो. सकाळी भाजीपाला मंचरच्या बाजारात, हंगामात हिरडा, आणि पावसाळ्यात अडीअडचणीला वाड्यांवरचे आजारी लोक घोडेगावला.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री त्याची गाडी चिखलात बसली. गाडीत एक बाळंतपणाची बाई होती. शेवटी लोकांनी तिला डोली करून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, पण त्या पोराच्या मनातून ती रात्र काही गेली नाही. महिन्याभरात त्याने एका दुकानातून मोठे, दणकट खोबणीचे ऑफरोड टायर बसवून घेतले. गाडी उचललेली नव्हती, म्हणजे पाटे, शॉकअप सगळं कंपनीचं होतं तसंच. दुकानदार म्हणाला, "बसतात. काही होत नाही."

बसले खरे. पण पहिल्यांदाच माल भरून तो घाट उतरला तेव्हा वळणावर घासल्याचा आवाज आला आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा वास सुटला. टायर काढून पाहिला, तर आतल्या बाजूला चकाकणारी ओरखड्यांची रेघ. तो आमच्याकडे आला, कारण गल्लीत कागद-पेन्सिल घेऊन बसणारे आम्ही एकटेच.

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तो तुमच्यासमोर ठेवतो.

टायरच्या अंगावर आकडे असतात. उदाहरणासाठी 215/75 आर 15 घेऊ. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, म्हणजे सुमारे 161 मिलिमीटर. 15 म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, इंचात, अर्थात 381 मिलिमीटर. बाजूची उंची वर एकदा, खाली एकदा, म्हणजे दुप्पट. बेरीज केली की चाकाचा पूर्ण व्यास येतो सुमारे 703 मिलिमीटर.

आता त्याच डिस्कवर 235/75 आर 15 चढवला तर व्यास सुमारे 733. आणि 31 इंची, साडेदहा इंच रुंद टायर घेतला तर 787. आमच्या पोराने हाच घेतला होता.

त्याला वाटत होतं गाडी तेवढीच्या तेवढी वर आली. तसं नसतं. आस चाकाच्या मधोमध असतो, म्हणून वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची मिळते. 235 मध्ये 15 मिलिमीटर, 31 इंचीमध्ये 42. पण एक गोष्ट टायरच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. पाटे वाढवून गाडी उचलली की हौदा वर जातो, मागच्या आसाचा डिफ्रेन्शियल होता तिथेच राहतो. दगडाला तोच आधी लागतो. त्याला वर उचलतो फक्त टायर. म्हणजे पोराची इच्छा वेडगळ नव्हती. तिची किंमत त्याने विचारली नव्हती, इतकंच.

ती किंमत कुठे कुठे द्यावी लागते?

पहिली जागेची. त्रिज्या 42 मिलिमीटरने वाढते ती फक्त वर नाही, पुढे, मागे, सगळीकडे वाढते. रुंदी 52 मिलिमीटरने वाढली. तीच डिस्क ठेवली तर त्यातली निम्मी आत, निम्मी बाहेर. गाडी सपाटीवर उभी असताना हे कळत नाही. पुढचं चाक सरळ असताना खोबणीत ऐसपैस बसतं, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की त्याचा कोपरा मडगार्डच्या आतल्या पत्र्याला किंवा चेसिसला जाऊन भिडतो. त्यात ब्रेक मारला की नाक दबतं. मागे माल भरला की पाटे दबतात आणि हौद्याची तळबाजू टायरकडे खाली येते. दुकानात रिकाम्या गाडीवर "बसतात" हे वाक्य खरं असतं, भरलेल्या गाडीवर वळणात तेच खोटं ठरतं.

म्हणून तपासणी अशी करावी. नेहमीएवढा माल भरा. एक पुढचं चाक दगडी उंचवट्यावर चढवा, समोरचं खड्ड्यात राहू द्या. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. मडगार्डच्या आत ओली माती किंवा खडू फासून ठेवा. कुठे घासलं ते पुसल्यावरून दिसेल. काही लोक डिस्क आणि हबमध्ये स्पेसर घालून चाक बाहेर काढतात. आतलं घासणं थांबतं, बाहेरचं सुरू होतं, आणि वजन बेअरिंगवर लांबून पडायला लागतं.

दुसरी किंमत काट्याची. गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजून वेग सांगतो. फेरा मोठा झाला हे त्याला कोणी सांगत नाही. 235 टायरवर काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 62 ते 63 ने चाललेली असते. 31 इंचीवर 67 ने. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणजे ऑइल बदलायची वेळही उशिरा कळते.

तिसरी किंमत सगळ्यात मोठी, आणि तिच्यासाठीच आम्ही ही गोष्ट सांगायला घेतली. चाक म्हणजे तरफ आहे. त्रिज्या बारा टक्क्यांनी वाढली, तर इंजिनाने तेवढाच पिळा दिला तरी रस्त्यावर मिळणारी ओढ साडेदहा टक्क्यांनी घटते. चढावर गाडी ओढत नाही म्हणतात ते यामुळे. उतारावर तोच नियम ब्रेकला लागू होतो. पाय तेवढाच दाबला तर रोखण्याची ताकद कमी. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना इंजिनाची धाप तीच, पण गाडी बारा टक्के वेगाने पळते. आणि धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. काटा तोच वेग दाखवत असताना थांबवायची ऊर्जा 25 टक्के जास्त. ब्रेकचा वास कुठून आला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

चौथी गोष्ट भाराची. टायरवर आकाराशेजारी भाराचा क्रमांक असतो. 100 म्हणजे एका चाकाला 800 किलो, 97 म्हणजे 730. दिसायला दांडगा टायर भार पेलायला दांडगा असेलच असं नाही. माल वाहणाऱ्याने आधी हा क्रमांक वाचावा, नक्षी नंतर पाहावी. स्टेपनीही त्याच मापाची हवी आणि ती आपल्या जागेत मावायला हवी. कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनात मनमानी बदल करू देत नाही. अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिल्यांदा हेच बघेल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर नाही. या सगळ्यांच्या परस्पर जुळणीवर आपण "रथ" हे नाव ठेवतो. इथून जुन्नर किती लांब आहे? लेण्याद्रीला बौद्ध लेणी आहेतच; असल्या गोष्टी या डोंगरांनी कधीकाळी ऐकल्या असतील. सांगायचा मुद्दा एवढाच, की चाक बदललं म्हणजे फक्त चाक बदललं असं होत नाही. काट्याचं खरेपण, ब्रेकचा भरवसा, गिअरचा अर्थ, सगळं त्या जुळणीत आहे. दुकानदार चाकाबद्दल बोलत होता आणि पोराला चालवायची होती गाडी.

मग पुढे काय केलं? कंपनीच्या मापाचे, पण चिखलाला धरतील अशा खोबणीचे टायर घेतले, भाराचा क्रमांक पाहून. कारण त्या रात्री गाडी उंची कमी पडल्यामुळे बसली नव्हती. मागची चाकं जागच्या जागी फिरली होती. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असली की मागून हलकी असते, पकड राहत नाही. आता पावसाळ्यात रिकाम्या फेरीला तो आसाच्या वर वाळूची चार पोती बांधून ठेवतो. सोबत जाड दोर, फावडं आणि दोन फळ्या. अगदीच अडला तर चाकाची हवा थोडी कमी करतो, त्याने टायर जमिनीला जास्त लांब टेकतो. डांबरीला लागला की पंपाने परत भरतो. भरल्या गाडीला हवा कमी करायची नाही, हे त्याला आम्ही दोनदा बजावलंय.

मागच्या पावसाळ्यात तो तीन पेशंट घेऊन आला. चौथ्या वेळी ओढ्याला पाणी होतं, तिथे कुठलाच टायर चालला नसता. तो अलीकडे थांबला, लोकांनी पेशंटला पलीकडून फिरवून आणलं. त्या रात्री तो आम्हाला म्हणाला, "बाबा, गाडीचं जेवढं होतं तेवढं केलं. राहिलेलं रस्त्याचं आहे."

आम्हाला त्यात काही जोडायचं नाही. प्रश्न असतील तर विचारा.