पौर्णिमा-अमावास्येलाच उधाण का येतं?

पावसाळ्यात पौर्णिमा-अमावास्या जवळ आली की कोकणातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला बांधाची काळजी लागते. हा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. वस्तुमान दुप्पट तर ओढ दुप्पट. अंतर दुप्पट तर ओढ पाव.

सूर्य चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट जड, पण ३९० पट लांब. तरी पृथ्वीवर त्याची ओढ चंद्राच्या जवळपास १८० पट. मग भरतीत चंद्र भारी कसा? कारण भरती येते पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूवरच्या ओढीतल्या फरकामुळे. चंद्र जवळ असल्यानं त्याचा फरक सूर्याच्या दुपटीहून जास्त.

पौर्णिमा-अमावास्येला तिघं एका रेषेत येतात, दोघांचा जोर एकत्र होतो. उधाण पुढे एक-दोन दिवस टिकतं. बांध आधीच बघून घ्या.