चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक

बर्फाच्या ट्रेमध्ये वाळू भरलेली आहे. एक निळसर पक्षी चोचीने त्यात अळी खुपसतो आणि वरून वाळू सारतो. शेजारच्या पिंजऱ्यातला दुसरा पक्षी हे सगळं बघतोय. नंतर पहिल्याला एकटं सोडलं की तो ती अळी उकरून काढतो आणि नव्या जागी पुरतो. हा स्क्रब जे, आपल्या कावळ्याचा भाऊबंद. केंब्रिजच्या नेथन एमरी आणि निकोला क्लेटन यांनी 2001 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ज्या पक्ष्यांनी पूर्वी दुसऱ्याचा साठा चोरला होता, तेच आपला माल हलवत होते. ज्यांनी कधी चोरी केली नव्हती, त्यांना बघणाऱ्याची धास्तीच नव्हती.

चोराच्या डोक्याने विचार करायचा, हाच गणितातल्या ‘शोध-खेळां’चा गाभा. समजा, दोन बिळं आहेत. एक उकरायला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला तीन. दाणा कुठे लपवाल? अवघड बिळात, असं कोणीही म्हणेल. पण चोरही तेच म्हणेल, थेट तिथे जाईल आणि तीन मिनिटांत दाणा पळवेल. त्यापेक्षा सरासरी चारातून तीनदा अवघड बिळात लपवावा, एकदा सोप्या. आणि कोणत्या वेळी कुठे, ते नाणेफेकीसारखं दैवावर सोडावं. मग चोराने कुठूनही सुरुवात केली तरी त्याला सरासरी सव्वातीन मिनिटं लागतात. कागदावर मांडून बघा. वाढली ती पंधरा सेकंदंच, पण उघड्यावर उकरत बसलेल्या जिवाला ती ससाण्याच्या नजरेत काढावी लागतात.

दाणे दोन झाले की हिशेब बराच गुंततो. आल्पर्न, फोकिंक आणि लिडबेटर या गणितज्ञांनी 2012 साली क्लेटन यांनाच सोबत घेऊन साठवणाऱ्या प्राण्यांचा असा खेळ मांडला.

मात्र जागा दैवावर सोडली, तर मालकाला ती आठवायला नको का? माल्टे अँडरसन आणि जॉन क्रेब्स यांनी 1978 मध्येच दाखवलं होतं, की साठा परत सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा मालकाला जास्त असेल, तरच साठवण्याची सवय टिकते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या डोंगरांत क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी एका हंगामात पाइनच्या हजारो बिया थोड्या थोड्या करून पुरतो. कित्येक महिन्यांनी, आसपासच्या दगडाझाडांच्या खुणांवरून, तो त्या पुन्हा शोधून काढतो.