बूस्ट वाढवण्याआधी गळती शोधा

गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी फरीदाबादला घरी गेलो, तेव्हा आमची 2014 सालची डिझेल गाडी उड्डाणपुलावर चढताना दम टाकत होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना आणि मागून काळा धूर. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली. म्हणून पुढच्या वर्षी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ही गाडी साताऱ्याला काकांना द्यायचे ठरले होते. एवढा लांबचा प्रवास ती करील का, याची बाबांना काळजी होती.

माझा आतेभाऊ म्हणाला, "टर्बोचा बूस्ट वाढवू. एक नट फिरवला की झालं!"

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटे चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. तो मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. दाब ठरलेल्या पातळीला पोहोचला की ॲक्चुएटरची दांडी ही झडप उघडते आणि थोडा धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. नट फिरवून दांडी आखूड केली, तर झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो.

पण डिझेल इंजिनात नुसत्या हवेने ताकद वाढत नाही, डिझेलही त्या प्रमाणात लागते. ते किती द्यायचे हे ईसीयू ठरवतो. दाब प्रमाणाबाहेर गेला तर तो ताकद कमीही करतो. शिवाय टर्बोचे बेअरिंग आणि हेड गॅस्केट यांवर ताण येतो, तो वेगळाच.

आमच्या मेकॅनिक अंकलनी दादाच्या हातातला पाना काढून घेतला. "पहले लीकेज देखो, फिर पेंच घुमाना." त्यांनी टर्बोच्या तोंडाला टोपण लावून कमी दाबाने हवा भरली आणि पंक्चर शोधतात तसे साबणाचे पाणी होजवर टाकले. क्लॅम्पजवळ बुडबुडे आले! मोजलेली हवा वाटेतच निसटत होती. डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने येत होते, म्हणून काळा धूर. अशा वेळी नट आवळला असता, तर गळती भरून काढायला टर्बो आणखी वेगाने फिरून लवकर निकामी झाला असता.

1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंच शिखरावर विमानाच्या लिबर्टी इंजिनाला टर्बो लावून चाचणी घेतली. विरळ हवेत इंजिनाची गेलेली ताकद परत मिळवणे, हा त्यामागचा हेतू होता. आमच्या गाडीलाही तेवढेच हवे होते.

नवा होज बसवला आणि गाडी उड्डाणपूल सहज चढली. धूरही थांबला. ॲक्चुएटरच्या नटावरची कारखान्यातली रंगाची खूण अजून जशीच्या तशी आहे. दादाने ती मला स्वतः दाखवली.