तुम्ही आजारी, व्हिसाचं घड्याळ मात्र ठणठणीत

फॉरेन ट्रिप ठरली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय चर्चा होते, आठवून बघा. फुकेत की क्राबी, पॅरिसला किती दिवस, स्कूटर भाड्याने मिळते का, व्हेज खाणाऱ्यांचं काय. ‘आजारी पडलो तर?’ असं कुणी टाकलंच, तर त्याला ‘काकू’ म्हणून गप्प बसवतात. माझं म्हणणं, आज जरा त्या काकूचं ऐका.

समजा, परतीच्या विमानाला दोन दिवस आहेत आणि तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. डेंगी म्हणा, अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणा, स्कूटर घसरून मोडलेला पाय म्हणा. डॉक्टर सांगतात, दोन आठवडे विमानात बसायचं नाही. तिकिटाचं काहीतरी करता येईल. पण पासपोर्टवर लिहिलेल्या मुक्कामाच्या तारखेचं काय करायचं?

बहुतेकांना वाटतं, आजारी माणसाला कोण काय बोलणार? दया-माया असतेच की. असते, नाही असं नाही. पण ती आपोआप लागू होत नाही, मागावी लागते आणि तीसुद्धा तारीख उलटायच्या आत, कागदावर. तुम्ही सलाइनवर असलात म्हणून दिवस मोजायचे थांबत नाहीत.

आधी युरोपचं बघू, कारण तिथे गोंधळ सगळ्यात जास्त होतो. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, व्हिसा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल. दुसरी, त्या काळात एकूण किती दिवस राहता येईल. छोट्या ट्रिपला व्हिसा देताना तारखांमध्ये सहसा पंधरा दिवस जादा धरतात, म्हणजे ट्रिप थोडी पुढे-मागे झाली तरी अडू नये. दिवस मात्र जादा नसतात. बारा दिवस लिहिलेत तर बाराच, आणि ज्या दिवशी उतरलात आणि ज्या दिवशी निघालात ते दोन्ही त्यात धरायचे. त्यामुळे ‘अरे, व्हिसा तर पुढच्या महिन्यापर्यंत आहे’ असं म्हणत हॉटेलच्या खोलीत ताप काढणारा मुलगा तेराव्या दिवशी ओव्हरस्टेमध्ये गेलेला असतो. त्याला ते कळलेलंही नसतं.

पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के बघून अधिकारी हाताने दिवस मोजायचे. एखादा शिक्का पुसट असायचा, एखादा नजरेतून सुटायचा. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने शिक्क्यांच्या जागी नवी कॉम्प्युटर यंत्रणा आणायला सुरुवात केली. चेहरा, बोटांचे ठसे, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, सगळं तिच्यात. तिची नजर सुटत नाही.

आता चांगली बातमी. युरोपच्या व्हिसा नियमांतच, 33व्या कलमात, मुदतवाढीची सोय आहे. स्वतःच्या हाताबाहेरच्या किंवा माणुसकीच्या कारणाने निघता येत नसेल आणि ते तुम्ही दाखवून दिलंत, तर मुदत वाढवून द्यायचीच आहे, तीही फुकट. हॉस्पिटलमध्ये पडलेला, प्रवास करू न शकणारा पेशंट हे याचं अगदी सरळ उदाहरण. कारण गंभीर पण वैयक्तिक असेल तर 30 युरो फी, आणि निर्णय तिथल्या अधिकाऱ्यांचा. अर्ज ज्या देशात आहात तिथेच करायचा. जर्मनीत परदेशी नागरिकांचं ऑफिस असतं, फ्रान्समध्ये प्रीफेक्चर. व्हिसा देणाऱ्या मुंबईच्या सेंटरला फोन करून काही उपयोग नाही.

थायलंडचं गणित वेगळं. तिथे ओव्हरस्टेचा दंड दिवसाला 500 बाथ, जास्तीत जास्त 20,000. ट्रॅव्हल व्हिडिओवाले हे इतक्या सहज सांगतात की जणू पार्किंगची पावतीच. ‘एअरपोर्टवर पैसे भरा आणि निघा.’ बारा दिवस जास्त राहिलात तर 6,000 बाथ, विषय संपला, असं. हे अर्धंच सांगणं आहे. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहिलात, तर स्वतःहून हजर झालात तरी एक वर्ष प्रवेशबंदी. आणि त्याआधी पोलिसांच्या तपासणीत सापडलात, तर ओव्हरस्टे थोड्या दिवसांचा असला तरी बंदी पाच वर्षांची. 2016 पासून हा नियम लागू आहे. म्हणजे किती दिवस जास्त राहिलात यापेक्षा तुम्ही गेलात की पकडले गेलात, याने फरक पडतो. आजारी माणूस नेमका इथेच फसतो. दंडाच्या भीतीने तो हॉस्पिटल टाळतो, खोलीत पडून राहतो, पॅरासिटामोलवर दिवस काढतो. दुखणंही वाढतं आणि ओव्हरस्टेही.

खरं तर हॉस्पिटलच त्याला वाचवणार असतं. उपचार चालू आहेत आणि या माणसाला प्रवास करता येत नाही, असं डॉक्टरांचं पत्र घेऊन इमिग्रेशन ऑफिसात अर्ज केला तर थायलंडमध्ये मुदत वाढवून मिळू शकते. एका वेळी जास्तीत जास्त नव्वद दिवस, फी 1,900 बाथ. पेशंटची काळजी घेणाऱ्यालाही त्याच आधारावर थांबता येतं. हे लक्षात ठेवा, कारण बेडवर पडलेल्या मित्राजवळ थांबलेल्या तुमचेही दिवस संपत असतात, आणि तुम्हाला तर काहीच झालेलं नसतं!

पत्र म्हणजे मात्र ‘रुग्णास विश्रांतीची गरज आहे’ असं दोन ओळींचं सर्टिफिकेट नाही. ते कॉलेजात अटेंडन्ससाठी चालतं. इथे आजाराचं नाव, उपचार कधीपासून, आणि किती दिवस प्रवास करता येणार नाही, एवढं स्पष्ट हवं. बरं झाल्यावर ‘आता हा विमानाने जाऊ शकतो’ असंही लिहून घ्या. नुकतंच ऑपरेशन झालेल्या किंवा प्लास्टरमधल्या प्रवाशाकडे एअरलाइन्स ते मागू शकतात.

अमेरिका तुमच्यापेक्षा तुमच्या आजी-आजोबांच्या कामाची. ‘व्हिसा दहा वर्षांचा आहे’ हे वाक्य आपल्या घराघरांत अभिमानाने बोललं जातं. पण दहा वर्षं दारापर्यंत जायची. आत किती राहायचं, हे उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. ते आय-94 नावाच्या नोंदीत असतं, सहसा सहा महिने. ही नोंद ऑनलाइन बघता येते. नातवंडांत रमलेल्या आजीचा पाचव्या महिन्यात खुबा मोडला, तर आय-539 हा मुदतवाढीचा अर्ज आय-94 वरची तारीख संपायच्या आत करायचा. शक्यतो 45 दिवस आधी करा, असं तिथलं खातं सांगतं. पण हाड काही सांगून मोडत नाही, तेव्हा निदान तारखेच्या आत. वेळेत अर्ज गेला असेल तर निकाल येईपर्यंत थांबता येतं. नाही केला आणि तारीख उलटली, तर एका दिवसानेसुद्धा तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. 180 दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालं तर तीन वर्षं आणि वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही. सत्तरीतल्या आजीसाठी दहा वर्षं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. घरातला फॉर्म भरणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता, म्हणून हे इथे लिहिलं.

आपला दूतावास काय करतो? पासपोर्ट हरवला तर परत यायला कागद देतो, घरच्यांशी संपर्क करून देतो, अडचणीतल्या भारतीयांसाठी एक कल्याण निधीही आहे. पण दुसऱ्या देशाचा व्हिसा तो वाढवू शकत नाही. तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आणि इन्शुरन्स. शेंगेनला निदान 30,000 युरोचं कव्हर लागतंच, म्हणून सगळे स्वस्तातलं काढतात आणि पीडीएफ न उघडताच प्रिंट मारतात. उघडा. एकच ओळ शोधा: हॉस्पिटलमध्ये असताना पॉलिसीची तारीख संपली, तर ती आपोआप वाढते का? काहींत वाढते, काहींत नाही. ट्रिप संपली त्याच दिवशी कव्हर संपलं आणि तुम्ही अजून बेडवर, तर व्हिसाबरोबर बिलाचंही घड्याळ सुरू होतं. स्कूटर चालवणार असाल तर इथूनच आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, टू-व्हीलरच्या नोंदीसकट. लायसन्स चालत नसेल तर अपघाताचा क्लेम बसायची शक्यता फार कमी.

एवढं करून मुदतवाढ मिळाली, तुम्ही धडधाकट घरी आलात, तरी ते कागद फेकू नका. डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं पत्र, मुदतवाढीचा शिक्का, भरलेल्या फीची पावती, सगळं स्कॅन करून ठेवा. पुढे मास्टर्ससाठी एखाद्या देशाचा व्हिसा मागाल तेव्हा फॉर्मवर प्रश्न येऊ शकतो, आधी कधी परवानगीपेक्षा जास्त राहिला होतात का. मुदत वाढवून घेतली असेल तर उत्तर ‘नाही’ असं बिनधास्त देता येतं. आणि खरंच दिवस उलटले असतील तर ‘हो’ लिहा आणि हेच कागद सोबत जोडा.